रक्त मोजणारे विद्यापीठ

बाळ जन्मले, वार पडली, की बाळंतिणीच्या जिवाची खरी धास्ती सुरू होते. गर्भाशयाचे स्नायू आवळले नाहीत तर वार सुटलेल्या जागेतून रक्त वाहतच राहते, आणि धडधाकट बाई तास-दोन तासांत हातची जाते. पाचशे मिलिलिटर किंवा त्याहून जास्त रक्त गेले की तो अतिरक्तस्राव, असे वैद्यकाच्या पुस्तकात लिहिलेले असते. पण खेड्यातल्या काळोख्या खोलीत पाचशे मिलिलिटर झाले हे ठरवायचे कोणी? भिजलेली लुगडी, गोणपाट, सारवलेल्या जमिनीत मुरलेले रक्त यांवरून सुईण अंदाज बांधायची. नर्सही अंदाजच बांधायची, आणि खरे सांगायचे तर मोठ्या इस्पितळातले डॉक्टरही.

हा अंदाज किती चुकतो, हे बेळगावात तपासले गेले. त्यासाठी जे साधन घडवले ते दिसायला अगदी साधे होते: बाळंतिणीच्या खाली अंथरायचा प्लास्टिकचा कागद, कमरेला बांधायचे बंद, आणि खालच्या टोकाला नरसाळ्यासारखी निमुळती पिशवी. पिशवीवर मापाच्या रेघा. रक्त पिशवीत उतरते आणि मिलिलिटरचा आकडा डोळ्यांसमोर दिसतो. ज्या सात जणांनी मिळून ते तयार केले त्यांच्या नावांची आद्याक्षरे जुळवून त्याला ‘ब्रास-व्ही’ ड्रेप म्हणू लागले. या कामात बेळगावचे डॉक्टर होते, अमेरिकेतले संशोधक होते आणि नागपूरच्या डॉ. अर्चना पटेलही होत्या. १२३ बाळंतिणींच्या पाहणीत नजरेचा अंदाज पिशवीतल्या मापापेक्षा सुमारे ३३ टक्क्यांनी कमी भरला. म्हणजे सराईत नजरेलाही जवळपास तिसरा हिस्सा रक्त दिसतच नव्हते.

माझ्या मते बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या आणि पर्यायाने केएलई विद्यापीठाच्या संशोधनाचा कणा इथे आहे. लाखोंच्या यंत्राआधी त्यांनी एक प्रश्न नीट विचारला, आणि तो जिल्ह्यातल्या बायकांच्या जिवाशी थेट भिडणारा होता.

त्याच सुमारास दुसरे काम चालले होते. रक्तस्राव रोखण्याचे नामांकित औषध म्हणजे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन. ते दोन ते आठ अंश तापमानात ठेवावे लागते आणि टोचायला शिकलेला हात लागतो. ज्या उपकेंद्रात वीज येते-जाते, जिथे फ्रिजच नाही, तिथे त्याचा भरवसा काय धरायचा? मिसोप्रोस्टॉल ही मुळात पोटातल्या अल्सरची गोळी. ती गर्भाशयही आवळते, साध्या तापमानात टिकते, स्वस्त आहे आणि पाण्याबरोबर गिळता येते. ती गावातल्या नर्सने दिली तर उपयोग होईल का? सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत हे तपासले गेले. १६२० बाळंतिणी, त्यांतल्या ८१२ जणींना ६०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल, ८०८ जणींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कोणाला कोणती, हे देणारीलाही ठाऊक नव्हते. गोळी देणाऱ्या, ड्रेप अंथरणाऱ्या, आकडा टिपून ठेवणाऱ्या होत्या २५ एएनएम, म्हणजे आपल्याकडे गावोगाव ज्यांना नुसते ‘सिस्टर’ म्हणतात त्या.

निकाल ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात २००६ साली छापून आला. अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर उतरले. जिवावर बेतणारा तीव्र स्राव १.२ टक्क्यांवरून ०.२ वर. सरासरी रक्त २६२ मिलिलिटरवरून २१४ वर. अठरा जणींना गोळी दिली की एकीचा अतिरक्तस्राव टळतो, असा त्याचा हिशेब. हुडहुडी आणि ताप हे तात्पुरते त्रास होते, तेही लिहिलेले आहेत. अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठाचे रिचर्ड डर्मन, बेळगावचे स्त्रीरोगतज्ज्ञ भालचंद्र कोडकणी, शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक शिवप्रसाद गौडर अशी लेखकांची नावे त्यावर आहेत. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी मिसोप्रोस्टॉलला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. जगभरातल्या पुराव्यांवर तो निर्णय झाला, आणि त्या पुराव्यांत आपल्या जिल्ह्याचा वाटा ठळक होता.

आता हे ज्या संस्थेत घडले तिच्याकडे वळू.

आम्हा बेळगावच्या कॅम्पवाल्यांना शिक्षण म्हटले की आधी मिशनऱ्यांच्या शाळा आठवतात. १८३२ पासूनची ही लष्करी छावणी, आणि १८५६ पासूनची सेंट पॉल्स. शाळा होत्या, पण मॅट्रिकनंतर काय? पुणे, कोल्हापूर, पुढे धारवाड किंवा सांगली. ज्याच्या घरी पैसा त्याने जावे. बेळगावला स्वतःचे कॉलेज १९३३ साली मिळाले, केएलईचे लिंगराज कॉलेज. कॅम्पातून कॉलेज रोडला लागले की ते लागते. पुढे चन्नम्मा सर्कल, मग सिव्हिल हॉस्पिटल, आणि कोल्हापूर सर्कल ओलांडून नेहरूनगरचे मेडिकल कॉलेज. संस्थेचा इतिहास या वाटेवर जवळपास अनुक्रमानेच भेटतो.

सुरुवात मात्र त्याआधीची. १३ नोव्हेंबर १९१६ रोजी सात शिक्षकांनी कर्नाटक लिंगायत एज्युकेशन सोसायटी, म्हणजे केएलई, स्थापन केली आणि एक शाळा काढली, तीच पुढची गिलगंची-अरटाळ हायस्कूल. बसवनाळ, साखरे, कट्टीमनी, ममदापूर, हंचिनाळ, चिकोडी आणि पाटील या सातांना त्यांची माणसे सप्तर्षी म्हणतात. पगाराच्या नोकऱ्या सोडून शाळेला आयुष्य द्यायचे, ही रीत मराठी वाचकाला टिळक-आगरकरांच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीमुळे परिचयाची आहे. आजीव सदस्यांचा तो धागा केएलईतही दिसतो. पैसा आला तो तीन घरांतून: अरटाळ रुद्रगौडा, शिरसंगीचे लिंगराज देसाई आणि वंटमुरीचे राजा लखमगौडा. ज्यांच्या नावाने हिडकल धरणाचा जलाशय ओळखला जातो तेच हे लखमगौडा. देसाईंनी आपली इस्टेट शिक्षणासाठी ठेवली होती. सात जणांचे श्रम आणि तीन जमीनदारांची दौलत एकत्र आली, आणि ही सगळी माणसे याच मातीतली होती.

नावातला ‘लिंगायत’ शब्द मराठी माणसाला खटकतो, हे आडवळणाने बोलण्यात अर्थ नाही. १९५६ मध्ये बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि त्यानंतर या शहरात प्रत्येक पाटी, प्रत्येक संस्था या बाजूची की त्या बाजूची, अशी मोजली गेली. मराठी मुलांना राणी पार्वतीदेवी कॉलेज आपले वाटायचे, केएलई ‘त्यांचे’. पण १९१६ चा तो शब्द मुंबई इलाख्यातल्या एका मागासलेल्या शेतकरी समाजाने शिकण्यासाठी उचलला होता. त्याच काळात मराठा समाजाची वसतिगृहे उभी राहत होती, त्यांच्या नावांतही जात होतीच. एकीला आपण चळवळ म्हणायचे आणि दुसरीला जातीयता, हे मला पटत नाही. आणि आज नेहरूनगरच्या ओपीडीत चंदगड, गडहिंग्लज, आजरा, सावंतवाडीची माणसे पिशव्या घेऊन बसलेली असतात. निपाणीत संस्थेचे बागेवाडी कॉलेज आहे. सीमेचा खटला सुप्रीम कोर्टात चालू असला तरी रोगी सीमा विचारून येत नाही.

मेडिकल कॉलेज १९६३ सालचे. मणिपालला १९५३ मध्ये खासगी मेडिकल कॉलेज निघाल्यावर दहाच वर्षांत बेळगावने ते धाडस केले. पण स्वतःचे इस्पितळ नव्हते. विद्यार्थी शिकले ते सरकारी सिव्हिलमध्ये, आणि हा तपशील फार महत्त्वाचा आहे. तीस-बत्तीस वर्षे या कॉलेजच्या प्राध्यापकांनी रोज पाहिला तो पैशावाला रोगी नव्हता. त्यांनी पाहिली बैलगाडीतून, पुढे टेंपोतून, उशिरा आणलेली खेड्यातली बाई. ड्रेपची पाहणीही जिल्हा रुग्णालयातच झाली. १९९६ मध्ये संस्थेचे स्वतःचे, पुढे हजारावर खाटांपर्यंत वाढलेले इस्पितळ सुरू झाले. चिकोडी तालुक्यातल्या अंकलीचे प्रभाकर कोरे १९८४ मध्ये संस्थेचे कार्याध्यक्ष झाले. त्यांच्या काळात संस्थेचा पसारा कुठल्या कुठे गेला. इस्पितळाला आज त्यांचेच नाव आहे.

एप्रिल २००६ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याखाली केएलईला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मेडिकल, दंतवैद्यक, फार्मसी, नर्सिंग, फिजिओथेरपी आणि शहापूरचे आयुर्वेद महाविद्यालय एका छत्राखाली आले. हुबळीचे इंजिनिअरिंग कॉलेज, ते १९४७ सालचे, पुढे २०१५ मध्ये वेगळे विद्यापीठ झाले. पण तारखा नीट पाहा: दर्जाचा कागद आला तेव्हा मिसोप्रोस्टॉलची चाचणी संपून चार महिने झाले होते. संशोधन आधी झाले आणि विद्यापीठाची पाटी नंतर लागली. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पाटी आधी लागते आणि संशोधनाची वाट पाहत लोक निवृत्त होतात, म्हणून हा क्रम मला मोलाचा वाटतो.

याचे कारण २००१ मध्ये आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने गरीब देशांतल्या माता-बालकांच्या आरोग्यासाठी संशोधनाचे जागतिक जाळे उभे केले आणि त्यात बेळगाव सामील झाले. नागपूरही त्यात आहे. त्या जाळ्याची जन्मनोंदवही फारशी कोणाच्या नजरेत येत नाही, पण सगळ्याचा पाया तीच. ठरलेल्या प्रत्येक विभागात वर्षाला साधारण तीनशे ते पाचशे बाळंतपणे. त्यांतली प्रत्येक गर्भार बाई नोंदवायची, बाळंत झाल्यावर आणि पुढे सहा आठवड्यांनी पुन्हा गाठायची, आई जिवंत आहे का, बाळ जिवंत आहे का, हे लिहायचे. माहेरी गेली असेल तर माहेरचे गाव शोधायचे. असे वर्षानुवर्षे केल्यावरच एखाद्या औषधाने मृत्यू घटले की नाही हे छातीठोकपणे सांगता येते.

या नोंदवहीचा खरा कस लागला तो अपयशात. दिवस भरण्याआधी जन्मणाऱ्या बाळाची फुफ्फुसे कच्ची असतात, आणि आईला आधीच स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले तर ती लवकर पिकतात, हे श्रीमंत देशांतल्या इस्पितळांत सिद्ध झाले होते. मग तेच खेड्यापाड्यांत पोचवावे, असे सगळ्यांनाच वाटले. बेळगाव आणि नागपूर धरून सहा देशांत जवळपास एक लाख जन्मांवर ते पाहिले गेले, आणि निष्कर्ष उलटा आला: अगदी लहान बाळांना फायदा दिसला नाही, आणि एकूण नवजात मृत्यू हजारी साडेतीनने वाढले. हे २०१५ च्या ‘लॅन्सेट’मध्ये जसेच्या तसे छापले. मग पुढचा प्रश्न निघाला: दोष औषधाचा की जागेचा? जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या २९ रुग्णालयांत, जिथे सोनोग्राफीने गर्भाचे वय नक्की ठरवता येते आणि बाळाला सांभाळण्याची सोय आहे, तिथे २८५२ मातांवर चाचणी घेतली. तीतही बेळगाव होते. २०२० मध्ये निकाल आला: नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ वर. औषध तेच होते, पण आजूबाजूची सोय नसेल तर ते घात करते. माझ्या लेखी या विद्यापीठाने केलेले हे सर्वांत मोठे काम आहे. ‘हे करू नका’ असे सांगायला लागणारे धैर्य यश सांगण्यापेक्षा मोठे असते.

बाकीची यादीही कमी नाही. उष्णतेत टिकणाऱ्या कार्बेटोसिनची दहा देशांतली २९ हजारांवर बाळंतिणींची चाचणी (२०१८), पहिलटकरणींना रोज ८१ मिलिग्रॅम ॲस्पिरिन देऊन अकाली प्रसूती १३.१ वरून ११.६ टक्क्यांवर आणणारी (२०२०), कळा सुरू झाल्यावर ॲझिथ्रोमायसिनचा एकच डोस देऊन आईतला जंतुदोष किंवा मृत्यू २.४ वरून १.६ टक्क्यांवर आणणारी (२०२३). या सगळ्यांत बेळगावच्या बायका आहेत.

म्हणूनच काही प्रश्न विचारायला हवेत. औषध नसलेली गोळी ज्या ८०८ जणींना मिळाली, त्यांच्याबाबत योग्य झाले का? त्या वेळी गावातल्या एएनएमकडे दुसरे काहीच नव्हते, हे उत्तर दिले जाते आणि ते खरे आहे. पण ‘काहीच नव्हते’ ही अवस्था आपण, म्हणजे राज्याने आणि समाजाने, निर्माण केलेली होती. दुसरे, पैसा अमेरिकेतून येतो तेव्हा प्रश्नही तिकडेच ठरतात का? निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत आयुष्यभर बसलेल्या बाईच्या दम्याचा, पाठीचा, रक्तक्षयाचा प्रश्न कोण विचारणार? रक्तक्षयावर काम चालू आहे, शिरेतून लोह देण्याची मोठी चाचणी २०२१ पासून हाती घेतली गेली, ही आशेची गोष्ट. तिसरे, खासगी मेडिकल कॉलेजच्या फीचा आकडा पाहिला की चंदगडच्या शेतकऱ्याची मुलगी तिथे रोगी म्हणून सहज पोचते, विद्यार्थिनी म्हणून नाही. १९१६ च्या सात शिक्षकांना हे कसे वाटले असते?

आणि त्या २५ एएनएम. रात्री-अपरात्री गावात जाऊन ड्रेप अंथरणाऱ्या, पिशवीतला आकडा खोटा न लिहिणाऱ्या. त्यांच्या प्रामाणिकपणावर ‘लॅन्सेट’मधला प्रत्येक दशांश उभा आहे. त्या चार आरोग्य केंद्रांच्या भिंतीवर मराठीत आणि कानडीत एक फलक लागावा: इथे कोणता प्रश्न विचारला गेला, इथल्या किती बायकांनी होकार दिला, काय कळले, आणि त्याचा उपयोग कोणत्या देशांत झाला. त्याखाली सिस्टरांची नावे, त्यांची हरकत नसेल तर. विद्यापीठाला हे एका महिन्यात करता येईल.