प्रकाशणारे सूक्ष्म कण आणि शेतीतील मोजमाप

ट्यूबलाइटच्या काचेला आतून पांढऱ्या चूर्णाचा लेप असतो. नळीतील पाऱ्याच्या वाफेतून वीज गेली म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण निघतात. हे चूर्ण ते किरण शोषून घेते व त्यांचे रूपांतर दृश्य प्रकाशात करते. पदार्थाच्या या गुणास प्रतिदीप्ती म्हणतात. १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात अशा दीप्तिमान चूर्णांवर अनेक वर्षे संशोधन होत आले आहे.

असे पदार्थ अत्यंत सूक्ष्म कणांच्या रूपात बनविले असता दिव्याप्रमाणे मोजमापासाठीही उपयोगी पडतात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यांतील थोड्याच भागांएवढा असा कण असतो. त्यासाठी महाग द्रव्येच लागतात असे नाही. २०१२ साली ओडिशातील संशोधकांनी संत्र्याचा रस बंद पात्रात तापवून त्यापासून कर्बाचे प्रतिदीप्त कण तयार केले. नागपूरकडील संत्रा बागायतदारास याचे कौतुक वाटेल. मात्र त्यामुळे गळालेल्या फळांना भाव येईल असे मानू नये. प्रयोगास लागणारा रस फारच थोडा असतो.

याहून पुढची पायरी हिऱ्याच्या कणांची आहे. हिरा म्हणजे कर्बाच्या अणूंची नेटकी मांडणी. तीत एका कर्ब-अणूच्या जागी नत्राचा अणू आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी, असा दोष असेल तर तो हिरा हिरव्या प्रकाशात लाल चमकतो. त्याच वेळी त्यावर सुमारे २,८७० मेगाहर्ट्झ कंप्रतेच्या सूक्ष्मलहरी सोडल्यास ही लाली किंचित मंदावते. जवळपास चुंबकत्व असले किंवा तापमान बदलले, तर ही कंप्रता सरकते. ती किती सरकली यावरून चुंबकत्व वा तापमान काढता येते. यालाच क्वांटम संवेदन म्हणतात. २०१३ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी या रीतीने मानवी पेशीच्या आतील तापमानातील फरक मोजला. महाराष्ट्रात मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये अशा हिऱ्यांवर काम चालू आहे. एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमधील संवेदन व मापन या शाखेचे केंद्रही तेथेच आहे.

आता शेतकऱ्याच्या प्रश्नाकडे वळू. कर्बाचे काही प्रतिदीप्त कण पाण्यात लोह किंवा पारा असल्यास मंद पडतात, व किती मंद पडले यावरून धातूचे प्रमाण अजमावता येते. प्रयोगशाळेतील शुद्ध पाण्यात हे चांगले जमते. विहिरीचे पाणी किंवा मातीचा अर्क यांची गोष्ट निराळी. त्यात गाळ असतो, क्षार असतात. कुजलेल्या सेंद्रिय द्रव्यास तर स्वतःचीच प्रतिदीप्ती असते. शिवाय एकच कण अनेक कारणांनी मंदावू शकतो. म्हणून प्रकाश कमी झाला एवढ्यावरून अमुक धातू आहे असे ठरविणे धोक्याचे असते. याच अडचणीवर संशोधकांचे पुष्कळसे श्रम खर्च होतात.

यास्तव ‘नॅनो’ किंवा ‘क्वांटम’ असे नाव छापून माती क्षणात तपासण्याचे द्रावण कोणी विकावयास आणले, तर गावपातळीवरील कार्यकर्त्याने आधी एक गोष्ट विचारावी: त्याच शेतातील नमुन्याचा मृद चाचणी प्रयोगशाळेचा अहवाल आणि या द्रावणाचे उत्तर जुळते काय? विक्रेता अशी तुलना दाखवू शकत नसेल, तर शेतकऱ्याने त्यावर पैसा घालू नये व त्या उत्तरावरून खताची मात्राही बदलू नये.

आणखी एक बाब आहे. हिऱ्याचा कण सूक्ष्म जागेतले मोजतो, शेत मात्र एकरांत असते. नमुना चुकीचा घेतला तर उपकरण कितीही अचूक असले तरी उत्तर चुकणारच. पिकांच्या शेतातून नागमोडी चालत अनेक ठिकाणी सुमारे २० सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती घ्यावी. झाडाखालची, बांधालगतची व शेणखताच्या ढिगाजवळची जागा टाळावी. सर्व माती एकत्र मिसळून तिचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन भाग काढून टाकावेत, आणि अर्धा किलो उरेपर्यंत असे करीत जावे. ही माती सावलीत वाळवून स्वच्छ पिशवीत भरावी व आत नाव, गाव आणि गट क्रमांकाची चिठ्ठी ठेवावी. खताची जुनी रिकामी पिशवी यासाठी कधीही वापरू नये.