नऊ तारखेची तपासणी

सोलापूर जिल्ह्यातलं एक ग्रामीण रुग्णालय. आज नऊ तारीख, गरोदर बायकांच्या तपासणीचा दिवस. व्हरांड्यातल्या बाकांवर जागा उरलेली नाही.

एकतिशीची एक बाई थोरल्या जावेबरोबर आली आहे. तिसरी खेप, चौथा महिना. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन सगळं होतं आणि मग आशाताई डॉक्टर मॅडमच्या कानाशी लागते. नवऱ्याजवळ गेलं की हिला अंगावरून लाल जातं. दिवस राहायच्या आधीपासून. घरात कुणाला पत्ता नाही.

मॅडम तिला आत नेतात. मी पडद्याच्या अलीकडे थांबते.

"पिशवीच्या तोंडाची तपासणी करू या."

"लेकराला धक्का लागंल की, मॅडम."

"नाही लागत. लेकरू आत आहे. मी तोंडावरच्या पेशी नुसत्या पुसून घेणार. उद्या थोडा डाग दिसला तर घाबरू नको. जास्त गेलं तर मात्र लगेच ये."

दोन मिनिटांत काम होतं. सिस्टर काचपट्टी अल्कोहोलात बुडवते, वर नंबर घालते. हीच पॅप स्मिअर. काही निघालंच तर दुर्बिणीतून पाहतील, आणि कॅन्सरच्या आधीचा बदल असेल तर त्यावरचा इलाज बहुधा बाळंतपणानंतर करता येतो, असं मॅडम तिला सावकाश सांगतात. असे बदल कॅन्सरपर्यंत जायला सहसा काही वर्षं लागतात. पोटुशीपणात दिसलेलं रक्त 'दिवसांचंच असेल' म्हणून सोडून देतात, याची मला फार भीती वाटते. पिशवीच्या तोंडाचा हा कॅन्सर देशात वर्षाला ७० हजारांहून अधिक बायका नेतो.

मॅडम आता जावेकडे वळतात. "अक्का, तुमचं वय?"

"अडतीस."

"कधी तपासून घेतलंय?"

"मला काय धाड भरलीय!"

"धाड भरायच्या आधीच करायची असते ही."

अक्का पदर सावरत आत जाते. तिची तपासणी वेगळी. सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबायचं, बदललेली जागा पांढरी दिसते. गरोदर बाईची ही करत नाहीत, तिला बाळंतपणानंतर तीन महिन्यांनी बोलावतात. अक्काचं सगळं ठीक निघतं. पुढची तपासणी ५ वर्षांनी. तिला एक मुलगी आहे, अकरा वर्षांची. मॅडम एचपीव्हीच्या, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूवरच्या, लशीचं सांगतात: ९ ते १४ हे तिचं उत्तम वय. गरोदरपणी ती देत नाहीत.

शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, टाटा स्मारक आणि बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाने १ लाख ३० हजारांवर बायकांना घेऊन मोठा अभ्यास केला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. निष्कर्ष २००९ साली छापून आले. पुरावा इतका जवळचा असताना अक्कासारख्या कितीजणी केवळ 'सोबत' म्हणून येतात आणि न तपासता परत जातात.

तेव्हा सून, जाऊ, लेक यांना घेऊन दवाखान्यात जाल आणि तुमची तिशी उलटली असेल, तर पिशवीच्या तोंडाची तपासणी स्वतःसाठी मागून घ्या. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते.