आग लावण्याची विद्या

फाल्गुन-चैत्राच्या दिवसांत डोंगराच्या अंगावर रात्री वणव्याची लाल रेघ दिसू लागली, की पाहणाऱ्याचे मन हळहळते. आग म्हणजे रानाचा नाश, ही समजूत आपल्या मनात खोल रुजलेली आहे आणि पुष्कळदा ती खरीही असते. मग वाचकहो, रान वाचविण्याकरिताच रानाला आग लावण्याचे रीतसर शिक्षण एके ठिकाणी दिले जाते, असे सांगितले तर आपणांस नवल वाटेल. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याची राजधानी टॅलाहासी येथे १९९८ साली या शिक्षणाचे एक राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. विस्तवाचे भय आणि विस्तवाचे ज्ञान यांत केवढे अंतर आहे, हे तेथील शिक्षणावरून कळते.

या विद्येची गरज का पडली, ते प्रथम पाहू. १९१० साली अमेरिकेच्या वायव्य भागात सुमारे ३० लक्ष एकर रान जळाले. त्या धक्क्यानंतर दिसेल ती आग विझविणे हेच सरकारचे धोरण झाले. १९३५ पासून तर आग दिसल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी १० वाजेपर्यंत ती आटोक्यात आलीच पाहिजे, असा दंडक वन खात्याने घातला. हेतू चांगला होता. परंतु ज्या रानांत पूर्वी वरचेवर लहान आगी लागून कचरा जळून जात असे, तेथे वाळका पाला, काटक्या आणि झुडपे वर्षानुवर्षे साचत गेली. मग तेथे एखादी ठिणगी पडली, की आग जमिनीवर न राहता झाडांच्या शेंड्यांपर्यंत चढू लागली.

फ्लोरिडा व आसपासच्या राज्यांत ‘लाँगलीफ पाइन’ नावाचा लांब सुईसारख्या पानांचा वृक्ष आहे. त्याचे रोप पहिली काही वर्षे गवताच्या झुबक्यासारखे दिसते. जमिनीलगतची आग त्यावरून गेली, तर पाने होरपळतात. पण त्यांच्या आत दडलेला कोंब बहुधा सुरक्षित राहतो. उलट, पुष्कळ वर्षे आग लागलीच नाही, तर इतर झाडाझुडपांच्या सावलीत हे रोप गुदमरते. ही राने एके काळी सुमारे ९ कोटी एकरांवर पसरलेली होती. तोड, शेती आणि आगीचा अभाव यांमुळे विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांतील ३० लक्ष एकरांच्या आसपासच उरली. म्हणूनच फ्लोरिडाने १९९० साली कायदा करून नियोजित आगीला मान्यता दिली. आज त्या राज्यात दरवर्षी सुमारे २० लक्ष एकरांवर अशी आग लावली जाते.

टॅलाहासीच्या केंद्रातील एक सत्र साधारणतः २० दिवसांचे असते आणि त्यातील बराचसा काळ प्रत्यक्ष रानात जातो. आग पुस्तकातून शिकता येत नाही, हेच तेथील मुख्य सूत्र होय. प्रत्येक शिकाऊ व्यक्तीजवळ एक कार्यपुस्तिका असते. ज्वलन-प्रमुखाने करावयाचे एकेक काम तिने अनुभवी अधिकाऱ्याच्या नजरेखाली स्वतः करून दाखवावे, तेव्हाच त्यापुढे सही होते.

आग लावण्यापूर्वी लेखी योजना तयार असते. तापमान किती असावे, हवेत दमटपणा किती, वारा कोणत्या दिशेने व किती वेगाचा, पाला किती वाळलेला, धूर कोणत्या गावाकडे जाईल, या सर्वांच्या मर्यादा तीत ठरविलेल्या असतात. दमटपणा मोजण्याचे एक साधन अगदी साधे आहे. एका दांडीला दोन तापमापक जोडलेले असतात. त्यांतील एकाच्या टोकाला ओले फडके गुंडाळतात आणि दांडी हवेत गरगर फिरवितात. दोहोंच्या अंशांतील फरकावरून हवेतील ओलावा काढता येतो. सारे जुळले, तर आधी छोटीशी चाचणीची आग लावून तिची चाल पाहतात. मग वाऱ्याच्या विरुद्ध हळूहळू सरकणाऱ्या आगीने कडेची पट्टी जाळून घेतात, म्हणजे पुढची आग त्या काळ्या पट्टीशी येऊन थांबते. एखादी अट जरी जुळत नसली, तरी ‘आज नको’ असे सांगणे हे प्रमुखाचे कर्तव्य असते. सगळी माणसे व बंब सज्ज उभे असताना हे दोन शब्द उच्चारण्यास मोठे मनोबल लागते.

आग विझली म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. परिणामांची नोंद ठेवणारे निरीक्षक आगीपूर्वीच रानात ठराविक चौकटी आखून ठेवतात. तेथील झाडे, रोपे आणि जमिनीवरील पाल्याची जाडी मोजतात; आग चालू असता ज्वाळांची लांबी व वेग टिपतात. पुढे एका वर्षाने, दोन वर्षांनी, पाच वर्षांनी त्याच जागी उभे राहून तेच मोजमाप करतात आणि तेच छायाचित्र घेतात. कोणती झाडे मेली, कोणते गवत परत आले, हे त्यावरून समजते. आग यशस्वी झाली की नाही, याचा निर्णय ज्वाळा पाहून होत नाही. पुढे उगवलेले रान पाहून होतो.

चूक झाल्यास काय घडते, हेही सांगितले पाहिजे. ६ एप्रिल २०२२ रोजी न्यू मेक्सिको राज्यात वन खात्याने लावलेली नियोजित आग वाऱ्याने हाताबाहेर गेली. जानेवारीत जाळलेल्या लाकडांच्या ढिगांतील विस्तव बर्फाखालीही धुमसत राहिला होता. तोही एप्रिलमध्ये भडकला. दोन्ही आगी एकत्र होऊन ३,४१,००० एकरांहून अधिक प्रदेश जळाला आणि शेकडो कुटुंबे बेघर झाली. रान समजले होते त्याहून अधिक कोरडे होते, असे चौकशीत आढळले. वन खात्याने आपल्या सर्व नियोजित आगी तीन महिन्यांकरिता थांबविल्या. अशा ९९.८४ टक्के आगी योजनेप्रमाणे पार पडतात, असे त्या खात्याचे म्हणणे आहे. परंतु ज्याचे घर गेले त्याला या आकड्याने काय दिलासा मिळणार? म्हणूनच प्रशिक्षणावर अधिक भर देण्याचे ठरले.

हे ज्ञान आपल्या देशाला सर्वस्वी अपरिचित नाही. कर्नाटकातील बिळिगिरिरंगन टेकड्यांतील सोलिगा लोक उन्हाळ्याच्या आरंभी पालापाचोळ्याची हलकी आग लावीत. तिला ते ‘तरगु बेंकी’ म्हणत. १९७४ साली तेथे अभयारण्य झाले आणि ही प्रथा बंद पडली. त्यानंतर घाणेरीची झुडपे रानात फोफावली. आग थांबणे हेही त्याचे एक कारण आहे, असे सोलिगा वृद्ध सांगतात आणि काही अभ्यासकांनाही ते विचारार्ह वाटते. आपल्या वन खात्याचे कर्मचारीही उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढून वणव्याची वाट अडवितात.

यावरून कोणी आपल्या हाताने रानात काडी ओढू नये. राखीव वनात आग लावणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे. शिवाय सगळ्याच रानांना आग मानवते असेही नाही. सदाहरित अरण्यांची तिने हानीच होते. वणवा दिसताच वन खात्यास कळवावे, हे आपले कर्तव्य आहे. मात्र मुलांना विस्तवाविषयी सांगताना केवळ भिववू नये. वारा, ओलावा आणि वाळका पाला यांचे नाते त्यांना दाखवून द्यावे. विस्तव ओळखणारी माणसे ज्या गावात असतात, त्या गावाचे रान अधिक सुरक्षित राहते.