आईचं हसू कागदावर

पन्हाळ्यावर आलेल्या पाहुण्याला ताराराणीचा वाडा दाखवला जातो. राजाराम महाराज 1700 साली गेले तेव्हा ती जेमतेम पंचविशीत होती. लहान मुलाला गादीवर बसवून ती औरंगजेबाशी सात वर्षं झुंजली. पुढे पन्हाळ्यावरून कारभार हाकला आणि 1714 मध्ये सवतीच्या डावामुळं मुलासह कैदेत पडली. तिची जिद्द, तिचं राजकारण, सगळं इतिहासात आहे. पण ती कशाला हसायची, चिडली की मुलाला काय बोलायची, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही.

साध्या घरांत नेमकं उलटं असतं. आई किती कर्तबगार होती हे कुणी सांगत बसत नाही. सहेरीला उठवताना ती काय टोमणे मारायची, शीरखुर्म्याच्या पातेल्याजवळ घुटमळणाऱ्याला कसं हाकलायची, हेच रमजानमध्ये निघतं आणि दस्तरखानावर हशा पिकतो. मात्र अशी आठवण तोंडातोंडीच राहते. ऐकलेली माणसं गेली, की तीही जाते.

मराठीत एका मुलानं ती वेळेत कागदावर उतरवून घेतली. देवदत्त नारायण टिळकांना खरं तर वडिलांचं, म्हणजे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं, चरित्र लिहायचं होतं. त्यासाठी त्यांनी आईला आठवणी लिहून द्यायला सांगितलं. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या, लिहिणं-वाचणं जेमतेम घरी शिकलेलं. त्यांनी बोलतात तसं लिहायला घेतलं, आणि वडिलांच्या चरित्राचं साहित्य बाजूला राहून ‘स्मृतिचित्रे’ उभी राहिली. 1934 ते 1936 या काळात तिचे चार भाग निघाले.

या पुस्तकात दुःख थोडं नाही. जन्म 1868 चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. 1857 च्या धामधुमीत आजोबा फासावर गेले. त्या धसक्यानं वडिलांच्या डोक्यात सोवळं शिरलं. धुता येईल ती प्रत्येक वस्तू घरात धुतली जाई आणि त्यापायी घरातल्या बायकापोरांचे हाल होत. दुसऱ्या कुणी हे रडत सांगितलं असतं. लक्ष्मीबाई ते अशा सांगतात की वाचणाऱ्याला हसू आवरत नाही, आणि हसता हसताच त्या घरात मूल म्हणून वाढणं काय असेल हे कळतं.

अकराव्या वर्षी लग्न झालं. नवरा कवी, मनानं उदार, रागानं तापट. हातात पैसा टिकायचा नाही, जो मागेल त्याला देऊन मोकळे. मनात आलं की न सांगता घर सोडून निघायचे. अशा माणसाशी संसार करायचा तर एक तर पदराला डोळे पुसत बसायचं, नाहीतर त्याची गंमत करायला शिकायचं. लक्ष्मीबाई भांडायच्याही कडाडून. पुस्तकभर त्यांनी नवऱ्याची थट्टा केली आहे, पण त्याच्यावरची माया कुठं लपवलेली नाही. थोर माणसाच्या बायकोनं त्याच्याबद्दल इतकं मोकळं लिहावं, याचं त्या काळी अनेकांना नवल वाटलं असणार.

खरी कसोटी 10 फेब्रुवारी 1895 ला आली. त्या दिवशी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंच्या पदरी लहानगा दत्तू, म्हणजे हेच देवदत्त. आप्तांना वाटलं, ही आता वेडी होणार. जिवाचं काही बरंवाईट करील म्हणून तिच्यावर नजर ठेवली गेली. नवराबायकोची सुमारे पाच वर्षं ताटातूट झाली. पंढरपूरला दिवस गेले, बहिणीच्या माणसांनी आधार दिला, टिळकांची पत्रं येत राहिली. या काळाबद्दल लिहितानाही त्यांच्या लेखणीला कडवटपणा शिवत नाही. रडू आलं तिथं रडल्या, हे त्यांनी सरळ सांगितलं आहे, आणि पुढच्याच परिच्छेदात कुणाची तरी फजिती.

शेवटी त्या नगरला नवऱ्याकडे गेल्या, पण आपल्या अटीवर. धर्म सोडणार नाही, स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. एकाच संसारात दोघांचं पाणी निराळं! वडिलांच्या सोवळ्यानं पोळलेली मुलगी तेच सोवळं घेऊन नवऱ्याच्या दारात उभी राहिली, आणि ही विसंगती त्यांनी स्वतःच वाचकापुढं मांडली. ते सोवळं कुणी जबरदस्तीनं सोडवलं नाही. जात माणसानंच केलेली, हे मनाला पटल्यावर त्यांनी ते आपणहून टाकलं. 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. इफ्तारची ताटली ज्या गल्लीत शेजारच्या दारी जाते, तिथल्या माणसांना हा प्रसंग वेगळा समजावून सांगावा लागत नाही. कुणाच्या हातचं खायचं, हा प्रश्न तिथंही कधी ना कधी कुणीतरी विचारलेला असतो. लक्ष्मीबाईंची खुबी ही, की सोवळ्यात असतानाच्या स्वतःला त्या तुच्छ लेखत नाहीत. तिची मस्करी करतात, पण तिला समजून घेतात.

पुढं घर माणसांनी भरलेलं असे. बालकवी ठोंबरे नगरला टिळकांकडं राहिले, त्या पोरवयाच्या कवीलाही या माउलीचं घर लाभलं. टिळक 1919 मध्ये गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्य दहा-अकरा अध्यायांवर थांबलं होतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकोनं ते हाती घेतलं आणि 64 अध्याय रचले.

24 फेब्रुवारी 1936 ला नाशिकला लक्ष्मीबाईंचं निधन झालं. गेलेल्या आईला घरचे लोक लगेच देवी करून टाकतात. तिचा राग, हट्ट, तिखट जीभ सगळं हळूच पुसलं जातं. देवदत्तांना ती सोय नव्हती, कारण आईनं आपला हट्ट आणि आपली फजिती आधीच छापून घेतली होती. पुढे नातू अशोक टिळकांनी टिपा जोडून ‘स्मृतिचित्रे’ संपादित केली, आणि आज ती वाचताना आजीचा आवाज जसाच्या तसा ऐकू येतो.

‘ख्रिस्तायन’चा शेवटचा अध्याय तेवढा बाकी होता. तो देवदत्तांनी लिहिला.