खिशातला नाद – भाग ७ : २२ ओमचे कोडे

प्लेअरच्या हेडफोन सॉकेटमागे जो ॲम्प्लिफायर बसवलेला असतो, त्याचा स्वतःचा एक अंतर्गत अवरोध असतो. त्याला आउटपुट इम्पिडन्स म्हणतात आणि तो ओममध्ये मोजतात. हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितके चांगले. महागड्या प्लेअरच्या खोक्यावर डीएसी चिपचे, म्हणजे डिजिटल फाइलचे ध्वनीच्या विद्युत संकेतात रूपांतर करणाऱ्या चिपचे नाव ठळक अक्षरांत छापलेले असते. आउटपुट इम्पिडन्स माहितीपत्रकाच्या तळाशी कुठेतरी सापडतो, कित्येकदा सापडतही नाही. काही जातींचे इअरफोन जोडले, की कानावर जे पडते त्यात चिपपेक्षा या दुर्लक्षित आकड्याचाच वाटा मोठा असतो.

या आठवड्यात सोनीच्या सोनेरी वॉकमनबद्दल, म्हणजे एनडब्ल्यू-डब्ल्यूएम१झेडच्या तांब्याच्या घडणीबद्दल लिहिण्याचे ठरले होते. पण डीएसीवरच्या भागानंतर एका वाचकाचा प्रश्न आला आणि तो आधी सोडवणे भाग आहे. तोच इअरफोन फोनच्या डोंगलला लावला तर झांज लख्ख ऐकू येते आणि कितीतरी पट महाग प्लेअरला लावला तर दबते; तेव्हा प्लेअर सदोष समजायचा का? इअरफोन अनेक ड्रायव्हरांचा, बॅलन्स्ड आर्मेचर जातीचा आहे, असेही पत्रात लिहिले आहे. उत्तर बहुतेक त्याच ओळीत दडले आहे. सोने आठवडाभर थांबू शकते.

इअरफोनचा इम्पिडन्स म्हणून खोक्यावर एकच आकडा छापतात, तो बहुधा १ किलोहर्ट्‌झला मोजलेला असतो. प्रत्यक्षात तो स्वरागणिक बदलतो. बॅलन्स्ड आर्मेचर जातीत दोन-तीन किंवा अधिक ड्रायव्हर आणि त्यांच्यात स्वरांची वाटणी करणारे क्रॉसओव्हर असते. त्यामुळे एकाच इअरफोनचा इम्पिडन्स एका पट्ट्यात ४० ओम, तर दुसऱ्यात ५ ओम असू शकतो. जुन्या चाळीत खालच्या मजल्यावर मोठा नळ सोडला की वरच्या मजल्यावरची धार बारीक होते, तसेच इथे घडते. जिथे इअरफोनचा इम्पिडन्स उतरतो तिथे तो जास्त प्रवाह ओढतो, ॲम्प्लिफायरच्या अंतर्गत अवरोधात जास्त व्होल्टेज खर्ची पडते आणि नेमका तोच स्वरपट्टा दबतो.

हिशेब साधा आहे. इअरफोनचा इम्पिडन्स भागिले दोन्ही इम्पिडन्सची बेरीज, एवढाच व्होल्टेजचा हिस्सा इअरफोनपर्यंत पोहोचतो. वरच्या उदाहरणातल्या इअरफोनला १ ओमचा स्रोत मिळाला, तर ४० ओमच्या आणि ५ ओमच्या पट्ट्यांत सुमारे १.४ डेसिबलचा फरक पडतो. ३ ओमचा स्रोत असेल तर तो साडेतीनच्या आसपास जातो. २२ ओमच्या स्रोतावर तो जवळजवळ ११ डेसिबल होतो. आवाज दुप्पट मोठा भासायला साधारण १० डेसिबल लागतात, हे लक्षात घेतले तर या गोंधळाचा आवाका कळतो. कोणत्याही डीएसी चिपने दुसऱ्या चिपशी इतका मोठा फरक कधी दाखवलेला नाही.

२२ हा आकडा मुद्दाम घेतला आहे. कोरियाच्या आयरिव्हर कंपनीने २०१२ मध्ये ॲस्टेल अँड कर्न या नावाने एके१०० हा प्लेअर आणला. हाय-रेझोल्यूशन खिसाप्लेअरची आजची बाजारपेठ ज्या मोजक्या यंत्रांनी उभी केली त्यांतले हे एक. ॲल्युमिनियमची देखणी चौकट, कडेला आवाजाचे गोल बटण, आत वुल्फसनची डब्ल्यूएम८७४० चिप, २४ बिट १९२ किलोहर्ट्‌झपर्यंतच्या फायली वाजवण्याची सोय. आणि आउटपुट इम्पिडन्स २२ ओम! काहीही न जोडता मोजले तर त्याचा आलेख सरळ रेषेत येतो. अनेक ड्रायव्हरांचा इअरफोन लावला की तोच आलेख वाकतो. गंमत अशी, की काही कानांना हा वाकडेपणा आवडला. ज्या इअरफोनचा वरचा पट्टा मुळातच कर्कश होता तो या प्लेअरवर मऊ वाटे आणि त्याचे श्रेय चिपला मिळे. कंपनीने मात्र चूक ओळखली. एके१०० एमके२ आणि एके१२० या पुढच्या यंत्रांत हा आकडा ३ ओमवर आणला.

एवढा मोठा अवरोध मुळात का ठेवला जातो, याला कारणे आहेत. हेडफोनची पिन आत सरकवताना क्षणभर संपर्क एकमेकांना टेकतात. तेव्हा ॲम्प्लिफायर वाचावा म्हणून वाटेत एक रेझिस्टर टाकला जातो. लांब केबलमुळे ॲम्प्लिफायर अस्थिर होऊ नये, हेही एक कारण. शिवाय १९९६ च्या आयईसी ६१९३८ या मानकात हेडफोनच्या स्रोतासाठी १२० ओमची शिफारस होती. घरातल्या मोठ्या ॲम्प्लिफायरला आणि त्या काळच्या जास्त इम्पिडन्सच्या हेडफोनांना ती चालून गेली. आजच्या इअरफोनला ती लावणे म्हणजे आवाजाची वाट लावणे.

सगळ्याच हेडफोनांना हा जाच होत नाही. सेनहायझर एचडी ६५० हा ३०० ओमचा हेडफोन आहे. खालच्या स्वरांत त्याचा इम्पिडन्स ५०० ओमच्या घरात जातो, तरीही २२ ओमच्या स्रोतावर पडणारा फरक पाव डेसिबलच्या आसपासच राहतो. प्लॅनर जातीच्या हेडफोनचा इम्पिडन्स सर्व स्वरांना जवळपास सारखाच असतो. तिथे फक्त एकूण आवाज कमी होतो, रंग बदलत नाही. म्हणून ‘हा प्लेअर कसा आहे?’ या प्रश्नाला ‘कशाला जोडून?’ हा उलट प्रश्न विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही. प्लेअरचा इम्पिडन्स इअरफोनच्या इम्पिडन्सच्या एक अष्टमांशाहून कमी असावा, असा एक ठोकताळा प्रचलित आहे. तो लावताना खोक्यावरचा आकडा न घेता इअरफोनचा नीचांक घ्यावा, नाहीतर ठोकताळ्याला अर्थ उरत नाही.

माहितीपत्रकात आकडा नसेल तर तो घरी काढता येतो. १०० हर्ट्‌झचा शुद्ध स्वर असलेली फाइल, साधा मल्टिमीटर आणि ३३ ओमचा रेझिस्टर एवढे साहित्य पुरते. मीटर एसी व्होल्टवर ठेवून सॉकेटचे व्होल्टेज आधी काही न जोडता मोजावे, मग रेझिस्टर जोडून मोजावे. पहिले वाचन ०.५०० व्होल्ट आणि दुसरे ०.३०० आले, तर दोहोंतील फरक दुसऱ्या वाचनाने भागून ३३ ने गुणावा. उत्तर २२ येते. स्वर १०० हर्ट्‌झचाच घ्यावा, कारण स्वस्त मीटर वरच्या कंपनसंख्यांना भरवशाचे नसतात. आवाज कमी ठेवावा, म्हणजे ॲम्प्लिफायरवर ताण येऊन वाचन बिघडत नाही. ज्या प्लेअरला ४.४ मिमीचे बॅलन्स्ड सॉकेट असते त्याचे मोजमाप वेगळे करावे. तिथे प्रत्येक बाजूला दोन ॲम्प्लिफायर काम करतात, त्यामुळे इम्पिडन्स सहसा दुप्पट भरतो. बॅलन्स्ड जोडणी म्हणजे हमखास सुधारणा, हा समज इथे फसतो.

वाचकाच्या पत्रातल्या डोंगलचेही कोडे यातच सुटते. ॲपलचा ९ डॉलरचा डोंगल (अमेरिकेत विकला जाणारा यूएसबी-सी नमुना) सुमारे १ व्होल्ट देतो आणि त्याचा आउटपुट इम्पिडन्स १ ओमच्या आसपास आहे. जोर लागणाऱ्या हेडफोनसाठी तो अपुरा पडतो, पण संवेदनशील इअरफोनसाठी या एका कसोटीवर तो कित्येक महागड्या प्लेअरांना मागे टाकतो. वाचकाच्या इअरफोनचा इम्पिडन्स वरच्या पट्ट्यात उतरत असणार आणि प्लेअरचा अंतर्गत अवरोध मोठा असणार. असे असेल तर बिघाड कशातच नाही, जोडी चुकली आहे.

अशाच इअरफोनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तपासायची असते, ती म्हणजे ॲम्प्लिफायरचा सळसळाट. शुअर एसई८४६ हा ९ ओमचा इअरफोन १ मिलिवॅटला ११४ डेसिबल देतो. प्लेअरचा स्वतःचा गोंगाट ५ मायक्रोव्होल्ट असेल तर या इअरफोनमध्ये तो साधारण २८ डेसिबलचा होतो आणि रात्रीच्या शांततेत स्पष्ट ऐकू येतो. १ मायक्रोव्होल्ट असेल तर १४ डेसिबलवर विरून जातो. गाणे थांबवून हे तपासू नये. बरेच प्लेअर थांबवल्याबरोबर आउटपुट बंद करतात आणि खोटी शांतता ऐकवतात. निःशब्द फाइल वाजवून ऐकावे. जुन्या ध्वनिमुद्रणात टेपचाही सळसळाट असतो, त्याचे खापर प्लेअरवर फोडू नये.

आता प्रत्यक्ष ऐकण्याकडे. यासाठी तंबोऱ्याइतके चांगले साधन दुसरे नाही. पुरुषी पट्टीत काळी एकच्या षड्जाला खर्जाची तार ६९ हर्ट्‌झच्या आसपास लागते आणि तिचे अंशस्वर कित्येक किलोहर्ट्‌झपर्यंत चढत जातात. तार जिथे छेडली जाते तिथे ज्या अंशस्वरांचा निस्पंद बिंदू येतो, ते अंशस्वर नेहमीच्या नियमाने ऐकूच यायला नकोत. तंबोऱ्यात ते खणखणीत ऐकू येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये दाखवले. वक्र घोडीची आणि जवारीची ती करामत. परिणामी खर्जापासून वरपर्यंतचे अंशस्वर एका झणकारात क्रमाने उमलताना ऐकू येतात. प्लेअरने मधला एखादा पट्टा दाबला, तर त्या उमलण्यात खड्डा पडतो. गळ्याच्या किंवा सतारीच्या ध्वनिमुद्रणात इतका ठळक पुरावा हाती लागत नाही.

दोन प्लेअरांची तुलना करताना आवाज ०.१ डेसिबलच्या आत जुळवावा, हा दंडक आहे. एक डेसिबलने मोठा आवाज बहुधा ‘मोठा’ म्हणून जाणवत नाही. तो ‘मोकळा’, ‘खुलासेवार’ वाटतो आणि परीक्षणातली अर्धी विशेषणे तिथूनच निघतात. जुळवणी कानाने करू नये, मीटरने करावी, आणि इअरफोन जोडलेला असतानाच करावी. इथे एक अडचण येते. दोन प्लेअरांचे आउटपुट इम्पिडन्स वेगळे असतील, तर १०० हर्ट्‌झला जुळलेला आवाज ५ किलोहर्ट्‌झला जुळत नाही. अशा जोडीत चिपची तुलना होऊच शकत नाही; जे ऐकू येते तो इम्पिडन्सचाच फरक असतो.

दोन्ही प्लेअरांचे इम्पिडन्स नगण्य असतील, तेव्हाच एबीएक्स चाचणी घेण्यात मतलब आहे. डेव्हिड क्लार्क यांनी १९८२ मध्ये ध्वनिअभियंत्यांच्या नियतकालिकात मांडलेली ही पद्धत आजही बदललेली नाही: क्ष हा अ आहे की ब, एवढेच न बघता ओळखायचे. १६ पैकी १२ किंवा अधिक वेळा बरोबर येणे निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता सुमारे ४ टक्के असते, म्हणून १२ ला किमान यश मानतात. २००७ मध्ये मेयर आणि मोरन यांनी हाय-रेझोल्यूशन ध्वनी आणि त्याचेच सीडीच्या दर्जाला उतरवलेले रूप याच रीतीने ऐकवले. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे जवळपास नाणेफेकीइतकीच. २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी १८ अभ्यास एकत्र तपासले तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के भरले. हा निकाल योगायोगाच्या थोडा पलीकडचा आहे, पण फरक बारीकच आहे. २२ ओमचा फरक मात्र डोळ्यांवर पट्टी न बांधताही, पहिल्याच झणकाराला कळतो.