बेचाळीसची पिढी आणि उसनी नावे

महाराष्ट्रात आष्टी नावाची गावे बरीच आहेत. बीड जिल्ह्यातली आष्टी हे तालुक्याचे ठिकाण. वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीला मात्र ‘आष्टी शहीद’ म्हणतात. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, इथल्या पोलीस ठाण्यावर तिरंगा लावायला निघालेल्या लोकांवर गोळीबार झाला. गावकरी हुतात्मा झाले आणि खवळलेल्या जमावाच्या हातून पोलीसही मारले गेले. त्याच दिवशी चिमूरलाही भडका उडाला आणि ‘आष्टी-चिमूर’ ही जोडी इतिहासात कायमची बांधली गेली. फाशीच्या शिक्षा झाल्या, त्या रद्द व्हाव्यात म्हणून देशभर आवाज उठला आणि अखेर त्यांचे जन्मठेपेत रूपांतर झाले. या सगळ्यांतून गेलेल्या माणसांना मराठीने ‘बेचाळीसची पिढी’ म्हटले. या नावातले साल जन्माचे नाही. कोणी तेव्हा अठरा वर्षांचा असेल, कोणी पन्नाशीचा. त्या वर्षी ते कुठे उभे राहिले, यावरून त्यांना हे नाव मिळाले. पिढीचे खरे नाव असेच कमवावे लागते, ते पंचांग पाहून देता येत नाही, असे माझे ठाम मत आहे. आज ‘बूमर’, ‘मिलेनियल’, ‘जेन-झी’ हे शब्द मराठी वर्तमानपत्रांत आणि घराघरांत सर्रास वापरले जातात, म्हणून ते मुळात कुठले आहेत हे तपासून पाहायला हवे.

ही नावे जिथे जन्मली तिथे त्यांना अर्थ होता. पहिल्या महायुद्धात होरपळलेल्या तरुणांना ‘हरवलेली पिढी’ म्हटले गेले. हे शब्द लेखिका गर्ट्रूड स्टाइनचे म्हणून हेमिंग्वेने १९२६च्या आपल्या कादंबरीच्या आरंभी छापले आणि ते रूढ झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिक घरी परतले, अमेरिकेत जन्मदर एकदम उसळला आणि १९६४च्या सुमारास ओसरला. त्या लाटेतली मुले म्हणजे ‘बूमर’. १९९१मध्ये डग्लस कूपलंड या कॅनेडियन लेखकाच्या कादंबरीने ‘जनरेशन एक्स’ हे नाव लोकप्रिय केले. त्याच वर्षी विल्यम स्ट्रॉस आणि नील हाऊ या दोघांनी अमेरिकेच्या इतिहासाची पिढ्यांमध्ये विभागणी करणारे पुस्तक लिहिले आणि त्यातून ‘मिलेनियल’ हा शब्द पुढे आला. इथपर्यंत नावामागे काही ना काही घडलेले होते. त्यानंतर नुसती अक्षरे उरली. एक्सनंतर वाय, वायनंतर झेड, इंग्रजी वर्णमाला संपल्यावर ग्रीक अल्फा. मुले अजून पाळण्यात आहेत, त्यांच्या वाट्याला काय येणार हे कोणालाच ठाऊक नाही, तरी त्यांच्या पिढीचे बारसे झालेले असते. जन्मसालांच्या ज्या सीमारेषा आज जगभर वापरल्या जातात, त्या बहुतांशी अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने आखलेल्या आहेत. त्या केंद्रानेही २०२३मध्ये ही लेबले यापुढे जपून वापरू असे जाहीर केले.

आता ‘बूमर’ आपल्याकडे लावून पाहू. भारतात १९४६ साली जन्मांची कोणतीही लाट आली नाही; जन्मदर आधीही चढा होता आणि नंतरही चढाच राहिला. आपल्या लोकसंख्येच्या इतिहासातली मोठी फूट पडली ती १९२१ साली. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली, आणि त्याचे प्रमुख कारण १९१८ची इन्फ्लुएंझाची साथ. वर्धा ज्या मध्य प्रांतात होता, तिथे या साथीने देशात सर्वाधिक बळी घेतलेल्या भागांइतकाच कहर केला. मराठी माणसांनी तिला ‘मानमोडी’ म्हटले, आणि जन्माची नोंद नसलेल्या घरांत ‘मानमोडीच्या साली जन्मलेला’ एवढीच माणसाची जन्मतारीख असे. मानमोडीच्या साली जन्मून वाचलेले मूल १९४२ साली चोवीस वर्षांचे होते. १४ जुलैला वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांना चालते व्हा असे सांगणारा ठराव केला, ८ ऑगस्टला मुंबईत त्यावर शिक्कामोर्तब झाले आणि आठच दिवसांत त्या वयाची मुले आष्टीच्या रस्त्यावर होती. एका साथीने त्यांच्या जन्माला नाव दिले आणि एका चळवळीने त्यांच्या तारुण्याला. अमेरिकेतल्या कोणत्याही पट्टीत हे आयुष्य बसत नाही.

यावर एक आक्षेप सहज येईल, आणि तो हलका नाही. त्या काळी जग तुटक होते, आज सगळ्यांच्या हातात एकच पडदा आहे. मग आष्टीचा आणि अमेरिकेचा वीस वर्षांचा मुलगा एकाच पिढीचे का मानू नयेत? मुलांची गाणी, विनोद, कपडे एक झाले आहेत हे खरे. पण तंत्रज्ञानाने पिढी घडते ती आधी कोणाच्या हाती आले आणि नंतर कोणाच्या, यावरून. अमेरिकेत संगणक, मग इंटरनेट, मग स्मार्टफोन असे टप्पे पडले आणि प्रत्येक टप्प्यावर तरुण पुढे, वडीलधारे मागे राहिले. आपल्या गावांत २०१६नंतर डेटा स्वस्त झाला आणि आजी, सून, नातू अशा तिघांच्या आयुष्यात इंटरनेट जवळजवळ एकदमच आले. फोन कोण अधिक सराईतपणे वापरतो हा फरक उरतो, पण जन्मसालाची भिंत उभी राहत नाही. कार्ल मानहाइम या समाजशास्त्रज्ञाने १९२८च्या आपल्या निबंधात हेच दाखवले होते: १८००च्या सुमाराचा चिनी तरुण आणि जर्मन तरुण समवयस्क असले तरी त्यांना एका पिढीचे म्हणता येत नाही, कारण त्यांच्यापुढचे प्रश्न एक नव्हते.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. ‘बेचाळीसची पिढी’ हे नावही सगळ्यांना कुठे सामावून घेते? त्या दिवशी घरात राहिलेले, भीतीने गप्प बसलेले, धरपकडीनंतर संसार ओढणाऱ्या बायका, यांचे काय? १९७२मध्ये केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन सुरू केले, तेव्हा साधारणपणे सहा महिन्यांचा तुरुंगवास ही अट ठेवली. म्हणजे नावाला कागदाची सीमा पडली आणि अनेकांचे सोसणे तिच्याबाहेर राहिले. हे मान्यच करायला हवे. तरीही फरक उरतो. कमावलेल्या नावाबद्दल भांडता येते: अमुक माणूस त्यात का नाही, तमुक बाईचे नाव का गाळले, असे विचारता येते आणि त्या प्रश्नातून इतिहास दुरुस्त होतो. १९९७ साली जन्मलेल्याला ‘तू जेन-झी’ म्हटले की वाद घालायला काही शिल्लकच राहत नाही.

लोकसंख्येच्या अभ्यासाला वयोगट लागतात, त्याला हरकत नाही. ‘१९९७ ते २०१२ दरम्यान जन्मलेले’ असे सरळ म्हणावे. पण आपल्या माणसांची पिढी ओळखायची तर आपल्याच मातीतल्या घटना पाहाव्या लागतील, आणि त्याही सरसकट लागू होत नाहीत. बहात्तरचा दुष्काळ, मदतीची सुकडी, मिलो ज्वारी आणि खडी फोडण्याची कामे यांनी मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्रातली एक पिढी घडवली. वर्ध्याच्या कापूसपट्ट्यात तेच १९७२ साल कापूस एकाधिकार खरेदीच्या सुरुवातीचे आहे. मोर्शीजवळ सिंभोऱ्याला ऊर्ध्व वर्धा धरण झाले, त्याच्या पाण्याने कोणाचे ओलित झाले आणि कोणाचे गाव-शेत बुडाले. एकाच वर्षी जन्मलेली दोन मुले, एक बागायतदाराचे आणि एक धरणग्रस्ताचे. त्यांना एका अक्षराखाली बसवणे अन्याय आहे. २००६मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी केंद्राने मदतीची योजना जाहीर केली, त्यांत वर्धा होता. त्या वेळी दहा वर्षांचे असलेले मूल प्यूच्या हिशेबाने शेवटचे ‘मिलेनियल’ ठरते. कापसाचा पडलेला भाव, बँकेची नोटीस, शेजारच्या घरातला मृत्यू आणि शेती सोडून नागपूर-पुण्याची वाट धरणे, या सगळ्यांचा त्या नावाशी काडीचाही संबंध नाही. ही मुले आज तिशीत आहेत, लिहू-बोलू शकतात. आपल्या पिढीला काय म्हणायचे ते त्यांनीच ठरवावे, आणि विदर्भातल्या शाळा-महाविद्यालयांनी व नियतकालिकांनी त्यांचे अनुभव आत्ताच, आठवणी ताज्या असताना, नोंदवून ठेवावेत.