गोव्यात घरे कमी नाहीत

‘तुमची घरे झाली, आता दुसऱ्यांची अडवता होय?’ मेगा प्रकल्पाविरुद्ध ग्रामसभेत कोणी उभे राहिले की हे वाक्य येतेच. बिल्डरचा माणूस म्हणतो, टीव्हीवरचा पाहुणा म्हणतो, आणि वाईट याचे वाटते की पुण्या-मुंबईतले माझे नातेवाईकही म्हणतात. लोकसंख्या वाढतेय, माणसांना घरे लागणार, मग गोवेकरांनी आडवे का पडावे, असा एकूण सूर. ऐकायला रास्त वाटतो. फक्त त्याला गोव्यातल्या आकड्यांचा आधार नाही.

२००१ ते २०११ या दहा वर्षांत गोव्याची लोकसंख्या सुमारे १३.४८ लाखांवरून १४.५९ लाखांवर गेली, म्हणजे जेमतेम सव्वाआठ टक्के वाढली. त्याच २०११ च्या जनगणनेत राज्यात सुमारे ५.७६ लाख वास्तू मोजल्या गेल्या आणि त्यांतल्या सव्वा लाखाच्या आसपास रिकाम्या निघाल्या. जवळजवळ बावीस टक्के! देशाची सरासरी तेव्हा साडेसात टक्के होती. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे वादात हाच आकडा वापरावा लागतो. पण मधल्या काळात काय बांधले गेले ते पर्वरीहून कांदोळीपर्यंत गाडी चालवणाऱ्या कोणालाही दिसते.

आता विरोधकांपैकीही काही जण हा आकडा घेऊन ‘ही सगळी दिल्लीवाल्यांची सेकंड होम’ असे ठोकून देतात. तेही चूक आहे. या सव्वा लाखात बंद गाळे आहेत, आखातात किंवा पोर्तुगाल-इंग्लंडला गेलेल्यांची कुलूपबंद घरे आहेत. शिवाय आपल्याकडे वारसाहक्क अजून पोर्तुगीज वळणाचा. आजोबांच्या घराला पंधरा-वीस वारस, इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांच्या वाटणीचा दावा, कोर्टात पडून, आणि कौले एकेक करून खाली. भाडेकरू ठाण मांडेल या भीतीने पोटमाळ्यासकट बंद ठेवलेली घरेही कमी नाहीत. पण यावरचा उपाय वारसाचे वाद लवकर निकालात काढणे आणि भाड्याचा कायदा सुधारणे हा आहे. डोंगरमाथ्यावरचा सडा कापून सातशे फ्लॅट उभे केल्याने त्या घरांची कुलुपे कशी उघडणार, हे मला अजून कोणी समजावून दिलेले नाही.

गोव्यातल्या तरुणाला घर मिळत नाही, हे मात्र अगदी खरे. पगार इथला आणि फ्लॅटचा भाव बाहेरच्या गिऱ्हाइकाला झेपेल असा. ज्या प्रकल्पांना विरोध होतो त्यांच्या जाहिराती एकदा नीट वाचा. त्यांत शाळा किती जवळ ते नसते. पोहण्याचा तलाव असतो आणि पर्यटकांना भाड्याने दिल्यास किती परतावा मिळेल त्याचा हिशेब असतो. त्या घरात राहणारे कुटुंब बिल्डरनेही गृहीत धरलेले नाही. मागच्या ऑगस्टमध्ये आमच्या डोंगरावरच्या तीन नव्या इमारतींसमोर रात्री आठ वाजता उभा राहून मी पेटलेल्या खिडक्या मोजल्या. नऊ भरल्या, चौकीदाराची खोली धरून.

ही नवी घरे रिकामी असली तरी जमीन घेतातच. गोव्याचा सडा जांभ्याचा. पाऊस त्यात मुरतो आणि पायथ्याशी झरीतून, विहिरीतून महिनोन्महिने झिरपत राहतो. आमच्या वाड्यावरच्या झरीला पूर्वी मे महिन्यातही मनगटाएवढी धार असायची. वरचा सडा सपाट करून काँक्रीट झाल्यापासून मार्चमध्येच दगडावर नुसती ओल उरते, आणि जून उजाडला की तेच पाणी लाल चिखल घेऊन शेतात उतरते. नळाचे म्हणाल, तर तिळारीचा कालवा फुटला की बार्देशात टँकरला फोन सुरू होतात. धरण सिंधुदुर्गात, तहान इथे.

आता बाकीची नेहमीची वाक्ये. ‘जमीन खासगी आहे, मालक बघून घेईल.’ नाही. तिच्यावर काय बांधता येते ते प्रादेशिक आराखड्यात ती ओर्चर्ड, शेती की सेटलमेंट, यावर ठरते. मालकी आणि झोन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नगरनियोजन कायद्याच्या १७(२) कलमाने आराखड्यातली ‘चूक दुरुस्त’ करण्याच्या नावाखाली एकेका अर्जावर झोन बदलून मिळू लागले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १३ मार्च २०२५ रोजी त्याखालचे २०२३ चे नियम रद्द केले.

‘पंचायतीने परवाना दिला म्हणजे गावाची संमती.’ पंचायत मंडळ आणि ग्रामसभा एक नव्हेत. मंडळाने नाकारले तरी बिल्डर पंचायत उपसंचालकांकडे अपिलात जातो.

‘रोजगार मिळतो.’ बांधकाम चालू असेतो, आणि तोही बहुतेक बाहेरून आणलेल्या मजुरांना. पुढे बंद फ्लॅटला एक चौकीदार पुरतो.

‘हा बाहेरचे विरुद्ध गोवेकर असा वाद आहे.’ काही जण तसा करतात, आणि त्याची मला लाज वाटते. पण सडा विकणाऱ्यांत गोवेकर आहेत, आणि आमच्या गावात हरकतीवर सह्या करणाऱ्यांत बिहारचा गवंडीही होता. त्याच्या खोलीलाही त्याच विहिरीचे पाणी येते.

‘ओरडून काही होत नाही.’ २००६ मध्ये अधिसूचित झालेल्या ‘प्रादेशिक आराखडा २०११’ने मोठाल्या हिरव्या पट्ट्यांना सेटलमेंटचा रंग दिला होता. लोकांनी गावोगाव नकाशे जमिनीवर पसरून आपापले सर्व्हे नंबर शोधले, गोवा बचाव अभियान उभे राहिले, आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला.